बापूमामाचं माहेरपण

बापूमामा येतोय हे आमच्याकडे सगळ्यात आधी जिन्याला कळायचं. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, एक गॅलरी आणि खाली बुकबाइंडरचं दुकान. त्याचं कागद कापायचं यंत्र दिवसभर धप्पकन खाली यायचं आणि आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. पण मामाचे पाय लाकडी जिन्यावर वाजायला लागले की ते यंत्रसुद्धा सभ्य वाटायचं. चांगला ताडमाड माणूस, शाळेत ड्रिलमास्तर. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की त्यानं आमच्या गॅलरीतून हाक मारली तर नदीपलीकडची माणसं वळून पाहतील. शाळेतली दांडगट पोरं त्याला चळाचळा कापायची म्हणे. आम्हाला मात्र तो आला की घरात लग्न असल्यासारखं वाटायचं. आई लगेच जास्तीचा भात टाकायची, आणि तोही पुरायचा नाही.

आमचं घर मुळात हसरं. आता मागं वळून पाहताना वाटतं, जरा जास्तच हसरं. माझे वडील, म्हणजे नाना, सरकारी कचेरीत कारकून होते. साहेबापुढे जे बोलता यायचं नाही ते सगळं ते घरी येऊन बोलायचे, आणि तेही इतक्या थंडपणे की ऐकणाऱ्याला हसावं की रागवावं कळायचं नाही. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची. तिची जीभ नानांच्या वरताण. आई तेवढी गरीब, पण हसायला तिला कारण लागायचं नाही. दिवाळी अंक घरात आला की आधी त्यातली व्यंगचित्रं वाचली जायची, आणि प्रत्येक अंकात एक चित्र ठरलेलं असायचं: दारामागे लाटणं घेऊन उभी असलेली धिप्पाड बायको आणि उशिरा घरी येणारा काडीएवढा नवरा. ते पाहून आमच्यात सर्वांत मोठ्यानं बापूमामाच हसायचा. हसता हसता त्याला ठसका लागायचा.

मामाचं बिऱ्हाड कसब्यात होतं. मामी त्या चित्रातल्या बाईच्या अगदी उलट. लहानखुरी, नाजूक, केस चापूनचोपून बसवलेले, घर असं लख्ख की पाऊल टाकायची भीती वाटावी. तिच्या करंज्यांना अख्ख्या नातेवाइकांत तोड नव्हती. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे ती सणावारी यायची, पदर सावरून बसायची, हळू आवाजात बोलायची आणि जाताना मला जवळ घेऊन "कुमुद, नीट अभ्यास कर हं" म्हणायची. तिच्याविषयी वाईट बोलावं असं कोणाला काही दिसलंच नव्हतं. दिसायचं ते मामाच्या अंगावर. कधी भुवईवर खोक, कधी बोटाला फडकं, कधी कोपराला काळंनिळं. विचारलं की तो म्हणायचा, "सायकलवरून पडलो." आणि मग नाना चष्म्यावरून बघून म्हणायचे, "बापूराव, तुमची सायकल फार चवताळलेली दिसते. रात्री बांधून ठेवत जा." की झालं, सगळे खो खो हसायचे. मामाही. मग विषय निघून जायचा तो जायचाच.

मी मॅट्रिक होऊन नुकतीच कॉलेजात जायला लागले होते, त्या वर्षीची दिवाळी. पाडव्याला संध्याकाळी जिना वाजला आणि मामा हातात कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. नाना म्हणाले, "पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, अशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे. कसब्यात बदलली का?" मामा म्हणाला, "उरकलं ओवाळून. उद्या भाऊबीज आहेच, म्हटलं आज राहायलाच जावं." आम्हाला आनंदच झाला. आत्यानं चकल्यांचा डबा पुढे सरकवला, रेडिओ लागला, आणि मामानं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारल्या.

आईच्या माहेरी भाऊबिजेला बहिणीनं भावाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, मग ओवाळायचं, अशी रीत. लहानपणी आई बापूमामाला धरून आणून घासायची म्हणे. पण गेली काही वर्षं मामा यायचा तो अंघोळ करूनच. "ताई, तू नुसतं ओवाळ" म्हणायचा. त्या सकाळी मात्र तो घरातच होता, सुटका नव्हती. आईनं मोरीजवळ पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली, वाटीत तेल कोमट केलं. मी उटणं कालवून उभी. मामा शर्ट काढायला तयार होईना.

"ताई, थंडी वाजते गं."

"तुला थंडी? पोरांना पहाटे उघड्यानं जोर काढायला लावतोस तो तूच ना?"

आत्या हसली, मी हसले, आतल्या खोलीत पेपर वाचणारे नानाही हसले. आईनं हसत हसतच त्याची कॉलर मागून धरली आणि लहान पोराचा काढावा तसा शर्ट वर ओढला. मग तिचा हात तिथंच थांबला. मामाच्या त्या रुंद पाठीवर डाग होते. काही जुने, पांढरट पडलेले, काही तांबडे. खांद्याखाली एक वळ होता, पुढे वाकडा झालेला, तो सांडशीचा आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती. कमरेवर भाजल्याची कातडी सोलवटलेली. आईनं ओंजळीत तेल घेतलं आणि दुखऱ्या जागा वगळून, अगदी हळू, पाठीला लावायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाली, "कोणी केलं?"

"पडलो गं."

"पाठीवर?"

आतून नानांचा आवाज आला, "सायकल पुन्हा सुटली वाटतं." आणि आई, जी नानांना उभ्या जन्मात उलट बोलली नव्हती, ती म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा." नाना पेपर हातात घेऊन दारापर्यंत आले. त्यांनी पाहिलं आणि ते खरोखरच गप्प बसले. पुढे कित्येक दिवस त्यांनी सायकलीचं नाव काढलं नाही. एवढी वर्षं आपण कशावर हसत होतो हे त्यांना त्या दारात उभ्या उभ्या कळलं असणार. आम्हा सगळ्यांनाच कळलं.

ओवाळून झाल्यावर मामा पिशवी भरायला लागला. आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला टांगली. "सुट्टी संपेपर्यंत तू इथं राहायचंस. माहेरपणाला आलायस असं समज."

"मी काय लेक आहे?" मामा कसनुसा हसला.

"लेक असतास तर केव्हाच आला असतास," आई म्हणाली.

तिच्या त्या वाक्यावर मी आजही विचार करते. सासरी जाच झाला तर लेकीला निदान जायला एक दार असतं. ते उघडेलच असं नाही, पण दार आहे हे तिला ठाऊक असतं. पुरुषानं कुठं जायचं? तो तर स्वतःच्याच घरात राहतो, असं सगळे धरून चालतात. माझा नातू खराडीला एका कंपनीत नोकरीला आहे. मध्ये त्याच्याकडे गेले तेव्हा त्याचा एक मित्र सारखा मुक्कामाला यायचा. गालावर ओरखडा होता. विचारलं तर म्हणाला, "आजी, वाइफ थोडी शॉर्ट टेंपर्ड आहे," आणि हसला. बाकीची पोरंही हसली. मी त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला जेवायला बोलावलं, आणि कोणी हसायला नव्हतं तेव्हा तो जेवता जेवता बोलायला लागला. असो. कसब्यातून खराडीला निघाले होते, परत येते.

तर बापूमामाचं माहेरपण सुरू झालं, आणि खरं सांगते, आमच्या घरात तेवढी मजा पुन्हा कधी आली नाही. आईनं लेकीचे करावेत तसे त्याचे लाड केले. मऊ भात, त्यावर तूप-मेतकूट, अळूचं फदफदं, साटोऱ्या, आणि सकाळी कोणी उठवायचं नाही. आत्या दुपारी त्याच्या डोक्याला तेल चोळायची आणि म्हणायची, "बाळंतिणीचं करतात त्याहून जास्त होतंय हो तुझं." मामा पहिले दोन-तीन दिवस नुसता झोपला. मग चेहऱ्यावर तरतरी आली आणि अंगातला ड्रिलमास्तर जागा झाला. रोज सकाळी त्यानं आम्हाला गॅलरीत उभं करायला सुरुवात केली. सावधान, विश्राम, एक-दोन, एक-दोन. आई पदर खोचून, मी पेंगत, आत्या बसल्या जागी फक्त हात हलवून. नाना म्हणाले, "मला कचेरीत रोज विश्रामच असतो, सावधान तेवढं शिकवा." खालचा बुकबाइंडर वर बघून सलाम ठोकायचा. शेजारच्या लिमयेकाकूंनी विचारलंच, "मास्तर बरेच दिवस राहिले?" आई म्हणाली, "माहेरपणाला आलाय." काकू हसल्या, आई नाही हसली. मग काकूंनी काय ते ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी मुगाच्या लाडवांची ताटली आणून ठेवली, एक शब्द न बोलता.

मामा बोलला तो वाल सोलताना. भिजून मोड आलेले वाल परातीत, आई, मी आणि तो गॅलरीत बसलेले. वाल सोलताना कोणी कोणाकडे बघत नाही, हे एक बरं असतं. साल काढायची, डाळिंबी पातेल्यात टाकायची. तो परातीकडे बघतच सांगायला लागला. आधी हातातलं भिरकावायची, कप, चमचा, काय असेल ते. चहा निवला, पायपुसणं वाकडं झालं, एवढ्यावरून. मग जवळ येऊन मारायला लागली. नंतर दोन दिवस अतोनात गोड वागायची, करंज्या करायची. लग्नानंतर घरात पाळणा हलला नाही, तेव्हापासून वाढलं. तिच्या माहेरीही असंच होतं म्हणे, वडील सगळ्यांना बडवायचे. "तिला दुसरं ठाऊकच नाही गं," तो म्हणाला.

"तू हात धरायचास तिचा," आई म्हणाली. "एवढी ताकद काय जाळायचीय?"

"धरला होता एकदा. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली. ते बघून माझीच मला भीती वाटली. तिनंही ते सगळ्या शेजारात दाखवलं. तेव्हापासून ती चिडली की मी विश्राममध्ये उभा राहतो. हात मागे बांधून. हात मागे असले की आपल्याकडून काही वेडंवाकडं होत नाही."

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. परातीत पडू नये म्हणून तिनं तोंड वळवलं. मला तर मामीचा असा संताप आला की माझ्या हातातल्या वालाचा पार चेंदा झाला. मामानं तो उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "कुमे, वालाचा काय दोष?"

पण सुट्टी संपत आली तसा तो गप्प व्हायला लागला. शाळा सुरू व्हायच्या आत त्याला कसब्यात परत जायचं होतं. आई नको म्हणाली, आत्या नको म्हणाली. त्याचं एकच. "ताई, पोरांना कळलं की मास्तर बायकोच्या हातचा मार खाऊन बहिणीकडे राहतो, तर माझ्या शिट्टीला कोण विचारेल? माझी नोकरी त्या शिट्टीवर आहे." नानांना विचारलं तर ते म्हणाले, "नवरा-बायकोच्या मध्ये आपण किती पडायचं?" तेव्हा आत्या भाजी निवडत होती. ती मान वर न करता नानांना म्हणाली, "गोविंदा, मलाही तू हेच म्हणाला होतास. आणि टांग्यात बसवून परत सोडून आला होतास. मी टांग्यात सगळ्या रस्त्यानं तुझ्या तोंडाकडे बघत होते." एवढी वर्षं ती आमच्यात राहिली, हसली, हसवलं, पण हे तिनं कधी काढलं नव्हतं. नाना उठून गॅलरीत गेले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी मामी आली. बरोबर तिचा भाऊ. बुधवारात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, बोलणं अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं मिठ्ठास. मामी नेहमीसारखी पदर सावरून बसली, करंज्यांचा डबा आईपुढे ठेवला. आत्यानं पाणी दिलं, फराळाचं मांडलं. सासरची माणसं लेकीला न्यायला येतात तेव्हा असंच असतं. सगळे गोड बोलतात आणि पिशवी आधीच भरून दारापाशी ठेवलेली असते. मामाची पिशवीही दारापाशी होती. सकाळीच त्यानं भरली होती.

"अहो, चला ना घरी," मामी म्हणाली. आवाज लोण्यासारखा. "घर कसं खायला उठतं."

तिचा भाऊ नानांना म्हणाला, "काय आहे, भांड्याला भांडं लागायचंच. आमची ताई जरा तापट आहे, मान्य. पण आपणच सांगा, एवढा पैलवान गडी आणि ही एवढीशी. कोण कोणाला मारणार?" आणि तो हसला. हसून त्यानं नानांकडे पाहिलं. अशा वेळी नाना काहीतरी बोलतात आणि सगळे हसतात, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. नाना हसले नाहीत. ते मामाकडे वळले आणि म्हणाले, "बापूराव, या घरातून तुमची पाठवणी मी करणार नाही. जायचं असेल तर तुमच्या पायांनी जा. राहायचं असेल तर हे घर आहे."

मामा भिंतीशी उभा होता. माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ते मागे बांधलेले होते. पाय फाकलेले, नजर समोरच्या भिंतीवर. तो विश्राममध्ये उभा होता, आमच्याच घरात, आम्हा सगळ्यांच्या समोर. मला कळलं की आता हा पिशवी उचलणार. आणि मला काय झालं कोण जाणे, पंधरवडाभर रोज सकाळी कानांवर पडलेला तो शब्द माझ्या तोंडून निघून गेला.

"सावधान!"

आत्या दचकली. मामीच्या भावानं तोंड वासलं. पण मामाच्या टाचा टपकन जुळल्या, हात सुटून बाजूला आले, छाती पुढे झाली. एवढ्या वर्षांची सवय, त्याचा काही इलाज नव्हता. आणि तसाच ताठ उभा राहून, मैदानावरच्या आवाजात तो म्हणाला, "मला घरी मार बसतो. मी येणार नाही."

खालचं यंत्र चालू होतं, तरी तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मामीचा भाऊ पुन्हा हसला. हसताना त्यानं एकेकाकडे पाहिलं. नानांकडे, आईकडे, आत्याकडे, माझ्याकडे. आमच्या घरात कोणीही हसत नव्हतं. तेवढ्यात मामीनं पाण्याचं फुलपात्र घ्यायला हात पुढे केला. नुसतं पाणी प्यायला. पण तिचा हात पितळी फुलपात्राला लागला आणि तो ताडमाड माणूस खांदे आवळून, मान वळवून भिंतीला चिकटला. मामीच्या भावानं ते पाहिलं. मामीनंही पाहिलं. तिचा चेहरा इतका पडला की एका क्षणासाठी मला तिची दया आली, खोटं कशाला सांगू. भाऊ उठला, चपला घालताना हळूच म्हणाला, "चल ताई." जिन्यावर त्यांची पावलं वाजलीच नाहीत.

करंज्यांचा डबा राहिला. आईला त्या टाकून द्यायच्या होत्या. आत्या म्हणाली, "रागावायचं तर बाईवर रागवा, सारणानं काय केलंय?" आणि पहिली करंजी तिनंच खाल्ली.

मामा राहिला तो राहिलाच. खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी झाली ती त्यानं घेतली, जेवण आमच्याकडे. शाळेत कुजबूज झाली असेल, पण शिट्टी पूर्वीसारखीच वाजत राहिली आणि पोरं पूर्वीसारखीच कापत राहिली. पुढे मामी आपल्या भावाकडे राहायला गेली. मी एकदा तिला बुधवारात पाहिलं. तीही मला बघून थांबली, पण आम्ही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

काही वर्षांनी माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी कार्यालयाच्या दारात नेहमीची रडारड चालली होती. जो तो मला सांगत होता, सगळ्यांना धरून राहा, उलट उत्तर देऊ नकोस, दोन्ही घरांचं नाव राख. बापूमामा सगळ्यात शेवटी पुढे आला. नवा फेटा, डोळे लाल. म्हणाला, "कुमे, एकदा जरी कोणाचा हात उठला, तर त्याच दिवशी ये. सणाची वाट बघायची नाही." मग तो माझ्या नवऱ्याकडे वळला. हे बिचारे उपरण्याची गाठ सांभाळत उभे होते. मामानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि जावईबापू, हिचा हात उठला तर तुम्ही या. खाली माझी खोली आहे."

भोवतीची माणसं हसली. हेही हसायला लागले, आणि मग मामाच्या तोंडाकडे बघून थांबले.

"येईन," ते म्हणाले.